विश्लेषण : साथीत अनाथ झालेल्या मुलांचा वाद्यवृंद… कसा उभा राहिला मैहर बँड?

मुंबईहून प्रयागराजकडे जाणाऱ्या गाडीत कटनी सुटले की सतना येण्याआधी मैहर लागते. बहुतेक प्रवासी इथे उतरतात ते डोंगरावरच्या शारदादेवीसाठी. संगीताच्या जगात मात्र हे गाव आणखी एका नावाने ओळखले जाते. पं. रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी या सगळ्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, म्हणजेच ‘बाबा’, इथे राहत. त्यांचे हे शिष्य जगभर गाजले. बाबांचे आणखी एक काम मात्र फारसे सांगितले जात नाही. १९१८च्या साथीत आईबाप गमावलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुलांना जमवून त्यांनी वाद्यवृंद उभा केला. शंभर वर्षे उलटून गेली तरी तो वाजतो आहे.

अल्लाउद्दीन खाँ कोण होते?

पूर्व बंगालमधील ब्राह्मणबाडियाजवळचे शिवपूर हे त्यांचे गाव. ते आज बांगलादेशात आहे. जन्मसालाबद्दल दोन मते आहेत. घरचे आणि बरेच शिष्य १८६२ मानत, तर अनेक अभ्यासक १८८१ सांगतात. पहिले खरे मानले तर १९७२ मध्ये निधनाच्या वेळी ते ११० वर्षांचे होते आणि हा आकडा त्यांच्याविषयीच्या लेखांत हमखास येतो. पण त्यांचे कोलकात्यातील पहिले गुरू प्लेगमध्ये गेले आणि कोलकात्यात प्लेग आला १८९८ मध्ये. लहानपणी घर सोडून आलेला, सात वर्षे शिकलेला मुलगा त्या वेळी पस्तिशीचा असणे अवघड आहे. १८८१शी हे गणित अधिक जुळते.

घर शेतकऱ्याचे, पण सुरांचे. वडील सतार वाजवत. थोरले भाऊ आफताबुद्दीन पुढे फकीर म्हणून ओळखले गेले. ते बासरी आणि तबला वाजवत, भक्तिगीते गात. धाकटे आयेत अली खाँ सूरबहार वाजवत आणि वाद्येही घडवत. गावात बाऊल, कीर्तन, जात्रा यांचे सूर कानावर पडत. शाळेत मन न रमणारा हा मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना पळाला. काही काळ जात्रेच्या फडाबरोबर भटकून तो कोलकात्यात पोहोचला. तिथे रस्त्यावर झोपायचे, अन्नछत्रात एकदा जेवायचे आणि तहान भागवायला गंगेचे पाणी, असे दिवस त्याने काढले. पुढे शांतिनिकेतनात सांगितलेल्या आठवणींमध्ये बाबांनी या दिवसांविषयी सविस्तर सांगितले आहे. भुकेल्या, बेवारस मुलाचे आयुष्य काय असते, हे त्यांना मैहरला येण्याआधीच पुरते ठाऊक होते.

कोलकात्यात ते काय शिकले?

पहिले गुरू गोपाळकृष्ण भट्टाचार्य ऊर्फ नुलो गोपाल हे गायक होते. त्यांची अट कडक होती : बारा वर्षे फक्त सरगम आणि पलटे, त्याशिवाय राग मिळणार नाही. मुलाने ती मान्य केली. सात वर्षे झाली आणि प्लेगने गुरू नेले. त्यांच्या मागे गायचे नाही, असे ठरवून अल्लाउद्दीन वाद्यांकडे वळले.

मग सुरू झाला जो भेटेल त्याच्याकडून शिकण्याचा काळ. स्वामी विवेकानंदांच्या नात्यातले अमृतलाल दत्त ऊर्फ हाबू दत्त नाटकांसाठी वाद्यवृंद चालवत. त्यांच्याकडे अल्लाउद्दीन अनेक वाद्ये शिकले. हजारी उस्तादांकडून सनई घेतली. मिनर्व्हा थिएटरात ते वादक म्हणून लागले. तिथे नाटककार गिरीशचंद्र घोष यांनी त्यांना प्रसन्न विश्वास हे हिंदू नाव दिले, असे सांगतात. 

याच काळात गोव्याचा धागा येतो. कोलकात्याच्या ईडन गार्डनमध्ये बँड वाजत असे. त्याचे बँडमास्तर लोबो गोव्याचे होते. अल्लाउद्दीन त्यांच्याकडे पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकले. गोव्यातील चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी पद्धत होती. त्या शाळांतून तयार झालेले वादक ब्रिटिश छावण्या, संस्थाने, मूकपटांची थिएटरे आणि पुढे हिंदी चित्रपटांचे रेकॉर्डिंग स्टुडिओ अशा सगळ्या ठिकाणी पसरले. लोबो हे त्यांपैकीच एक. अनेक वादकांनी एका इशाऱ्यावर एकत्र कसे वाजवायचे, कोणते वाद्य कुठे बसवायचे, ही दृष्टी अल्लाउद्दीन यांना घराण्यांच्या बैठकीत मिळणार नव्हती. ती थिएटरात आणि ईडन गार्डनमध्ये मिळाली.

रामपूरचा दरवाजा का उघडत नव्हता?

मुक्तागाछाचे जमीनदार जगत्किशोर आचार्य यांच्या दरबारात अल्लाउद्दीन गेले, तेव्हा आपल्याला सगळेच वाजवता येते, असे त्यांना वाटत होते. तिथे अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकून ते रडले आणि त्यांचे शिष्य झाले. स्वयंपाक, घरकाम, सेवा, अशी काही वर्षे गेली. शिकवणे फार होत नव्हते, पण शिष्याचे कान तीक्ष्ण होते. न शिकवलेलेही याने ऐकून उचलले, हे लक्षात आल्यावर गुरू नाराज झाले.

पुढचा मुक्काम रामपूर. नवाब हमीद अली खाँ यांच्या दरबारात बीनकार वजीर खाँ होते. ते तानसेनाच्या मुलीकडच्या वंशातले. ही विद्या म्हणजे कुटुंबाची मालमत्ता. बीन रक्ताच्या वारसालाच शिकवायची, बाहेरच्याला फार तर दुसऱ्या वाद्यावर थोडे द्यायचे, असा रिवाज होता. बंगालहून आलेल्या अनोळखी माणसाला दारवान आतही सोडेना. शेवटी अल्लाउद्दीन यांनी नवाबाच्या गाडीपुढे उडी घेतली, असे सांगितले जाते. तो बंगालमधील क्रांतिकारकांचा काळ. पहारेकऱ्यांना वाटले, हा बॉम्ब टाकणार. पकडून नेल्यावर नवाबाला सगळा प्रकार कळला, त्याने वाद्ये वाजवून घेतली आणि वजीर खाँ यांच्याकडे शब्द टाकला. गंडा बांधला गेला.

तरीही सुमारे अडीच वर्षे शिकवणे असे झालेच नाही. अल्लाउद्दीन रोज दाराशी उभे राहत. दरम्यान गावी त्यांच्या नावाने दुःखात बसलेली पत्नी होती. घरच्यांनी पकडून लग्न लावले होते आणि लग्नाच्या रात्रीच नवरा पळाला होता. तिने जीव द्यायचा प्रयत्न केल्याचे पत्र आले, ते वजीर खाँ यांच्यापर्यंत पोहोचले आणि मग शिकवणे सुरू झाले. नंतर थोरला मुलगा गेल्यावर वजीर खाँ यांनी राखून ठेवलेलेही बरेच या शिष्याला दिले. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनाही रामपूरच्या याच परंपरेकडून बरेच मिळाले. विद्या कुलपात असली की ती मिळवणाऱ्याचे आयुष्य कसे जाते, याचा रामपूर हा उत्तम नमुना आहे. मैहरमध्ये बाबांनी जे केले ते या अनुभवाच्या नेमके उलटे होते.

१९१८ मध्ये मैहरमध्ये काय घडले?

मैहर हे बाघेलखंडातील छोटे संस्थान. महाराज ब्रिजनाथ सिंह यांना संगीताची आवड होती. त्यांनी अल्लाउद्दीन यांना दरबारी संगीतकार म्हणून बोलावले आणि स्वतः त्यांचे शिष्य झाले. त्याच सुमारास इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ हिंदुस्थानात पसरली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली, असा अंदाज आहे. मध्य हिंदुस्थानात दुष्काळही होता. मैहरच्या परिसरात घरेच्या घरे ओस पडली आणि मागे उरली मुले.

ही मुले महाराजांच्या आश्रयाने जमवण्यात आली आणि बाबांनी त्यांना वाद्ये शिकवायला घेतले. त्यांत वेगवेगळ्या जातींची मुले होती, हिंदू होती, मुसलमान होती. कोणालाही संगीताची पार्श्वभूमी नव्हती, लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांना खाऊ घालायचे, राहायला जागा द्यायची आणि हातात वाद्य द्यायचे, असा हा साधा मामला होता. सर्वधर्मसमभावाचा वगैरे जाहीरनामा बाबांनी कधी काढला नाही. मुलांना भात हवा होता आणि महाराजांना बँड. तो काळ संस्थानी बँडचा होता. बडोदा, म्हैसूर, रामपूर अशा दरबारांत इंग्रजी धर्तीचे बँड होते आणि छोट्या संस्थानालाही ती प्रतिष्ठा हवी असायची. मैहरचा बँड वेगळा ठरला तो माणसांमुळे आणि संगीतामुळे.

माणसांचा मुद्दा मोठा आहे. त्या वेळी हिंदुस्थानी वाद्यसंगीत मुख्यतः उस्ताद घराण्यांच्या हाती होते. कोणी काय शिकायचे, हे जन्माने ठरे. सारंगी वाजवणारा कोण, पखवाज कोणाचा, सनई कोणाच्या अंगणात, यालाही जातीची किनार होती. चामडे मढवलेल्या वाद्याला हात लावणे काही घरांत कमीपणाचे मानले जाई. अशा वेळी आगापिछा नसलेल्या पोरांच्या हाती तानसेनाच्या परंपरेतील रागांच्या बंदिशी गेल्या. रामपुरात अडीच वर्षे दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाने त्या दिल्या.

बंदुकीच्या नळ्यांचे वाद्य कसे तयार झाले?

बँडची वाद्ये पाहिली तर एखाद्या जुन्या बाजारात शिरल्यासारखे वाटते. सतार, सरोद, सारंगी, इसराज, बासरी, हार्मोनियम, जलतरंग, तबला, ढोलक. त्यांच्या शेजारी व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, पियानो. शिवाय सतार आणि बँजो यांच्या मिश्रणातून तयार केलेले सतार-बँजो.

आणि नलतरंग. महाराजांच्या शस्त्रागारातील जुन्या बंदुकांच्या लोखंडी नळ्या बाबांनी मागून घेतल्या आणि कमी-जास्त लांबीच्या कापल्या. नळी जितकी आखूड, तितका सूर उंच. या नळ्या चौकटीवर ओळीने मांडून काठ्यांनी वाजवायच्या. जलतरंगात पाण्याची पातळी बदलून सूर जुळवता येतो, इथे ती सोय नाही. नळी एकदा जास्त कापली गेली की सूर चढला तो चढलाच, म्हणून कानसाने थोडे थोडे घासत जावे लागते. त्याचा आवाज धातूचा, स्वच्छ आणि लांबवर जाणारा. मैहर बँड म्हटले की पहिल्यांदा हेच वाद्य आठवते. शस्त्राचे वाद्य झाले, हे प्रतीक आज भाषणांत छान वापरता येते. त्या वेळी मात्र कारण बहुधा व्यवहाराचे असावे. छोट्या संस्थानाच्या तिजोरीतून परदेशी वाद्ये किती मागवणार?

वाद्ये घडवणे हा या भावंडांचा छंदच होता. आयेत अली खाँ यांच्या मदतीने बाबांनी सरोदही बदलला. त्याची ध्वनिपेटी गोलाकार आणि मोठी झाली, तारा वाढून पंचवीस झाल्या, आवाजाला खोली आली. आज अली अकबर खाँ यांच्या परंपरेत वाजतो तो हाच सरोद. बाबा स्वतः डावखुरे होते आणि सरोद डाव्या हाताने छेडत.

ही मुले एकत्र कशी वाजवू लागली?

हिंदुस्थानी संगीत मुळात एकट्याचे. एक कलाकार, मागे तानपुरा, बाजूला तबला. राग हळूहळू उलगडत जातो आणि पुढच्या क्षणी काय वाजणार, हे वाजवणाऱ्यालाही आधी पक्के ठाऊक नसते. अशा संगीतात वीस-तीस जण एकाच वेळी काय वाजवणार? पाश्चात्त्य वाद्यवृंदात प्रत्येकापुढे कागद असतो आणि वेगवेगळ्या ओळी एकमेकींवर बसतात. इथे कागदही नव्हता आणि तो वाचणारेही नव्हते.

बाबांनी मार्ग काढला तो पाठांतराचा. छोट्या, बांधीव रचना करायच्या, काही मिनिटांच्या. सुधारून वाजवण्याला त्यात जवळजवळ जागा नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या वाद्यावर ती सुरावट तोंडी बोलून, गाऊन पाठ करून घ्यायची. सगळे मिळून एकच सुरावट वाजवतात, मग एक गट थांबतो, दुसरा उत्तर देतो, नलतरंग मध्येच पुढे येतो, पुन्हा सगळे एकत्र. एकच ओळ तार, गज, फुंकर आणि धातू यांतून निघाली की तिचा रंग बदलतो. रचनांचा पाया रागांचा, पण लोकधुनांचे आणि इंग्रजी बँडच्या चालींचे वळणही त्यांत आहे. अशा शंभराहून अधिक रचना बाबांनी या मुलांसाठी केल्या.

शुद्धतावाद्यांना हे फारसे रुचण्यासारखे नव्हते आणि त्यांची तक्रार अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. रागाचा विस्तार हा या संगीताचा जीव आणि बँडमध्ये तोच नाही. पण दहा वर्षांच्या अनाथ पोराला बारा वर्षे सरगम घोटायला लावून काही साधले नसते. दुसऱ्याचे ऐकत आपले वाजवायचे, आपण पुढे गेलो तर थांबायचे, एवढे त्याला या रचनांनी शिकवले. बाबांनी आपल्या मुलांना आणि निवडक शिष्यांना जे शिकवले ते वेगळे, बँडला शिकवले ते वेगळे. दोन्ही एकाच अंगणात चालत असे.

घरातले बाबा कसे होते?

प्रेमळ आणि भयंकर. भिकाऱ्याला, झाडांना, जनावरांना जपणारा हा माणूस शिकवायला बसला की ओळखू येत नसे. चुकले की मार. मुलगा अली अकबर याला तासन् तास रियाज आणि तेवढाच मार मिळाला, इतका की तो एकदा घरातून पळाला. स्वतः पळून आलेल्या बापाचा मुलगाही पळाला, यातला विरोधाभास घरात कोणी बोलून दाखवला असेल, असे वाटत नाही. महाराजांवरही एकदा वाद्य जुळवण्याची हातोडी भिरकावल्याची गोष्ट सांगितली जाते. आजच्या नजरेने ही शिस्त समर्थनीय नाही. तिने मोठे कलाकार घडवले, हे खरे असले तरी ती सोसणाऱ्यांपैकी किती जण मागे पडले, त्याची मोजदाद कुठेच नाही.

मुलींच्या बाबतीत कथा अधिक दुखरी आहे. थोरली मुलगी जहाँआरा हिला बाबांनी गाणे शिकवले होते. लग्नानंतर सासरी ते चालले नाही. सासूने तिचा तानपुरा जाळला. ती खचून माहेरी परतली आणि पुढे वारली. धाकटीला गाणे शिकवायचे नाही, असे बाबांनी ठरवले. पण १९२७ मध्ये जन्मलेली ही रोशनआरा, जिला महाराजांनी अन्नपूर्णा हे नाव दिले होते, भावाचे धडे बाहेरून ऐकत असे. एकदा खेळता खेळता तिने भावाची चूक दुरुस्त केली आणि नेमके बाबांनी ते ऐकले. त्यांनी मग निश्चय मोडला आणि तिला सूरबहार शिकवली. ती बाबांची सर्वात अस्सल वारस ठरली, असे जाणकार मानतात.

धर्माच्या बाबतीत त्यांची भूमिका काय होती?

पाच वेळा नमाज आणि शारदेचे दर्शन, दोन्ही. यात त्यांना जुळवाजुळव करावी लागत होती, असे दिसत नाही. पूर्व बंगालच्या ज्या खेड्यात ते वाढले, तिथे फकीर आणि कीर्तनकार एकाच अंगणात बसत. शारदा ही त्यांच्यासाठी संगीताची देवता होती आणि संगीत हीच मोठी इबादत. त्यांनी बांधलेल्या रागांची नावेही पाहण्यासारखी आहेत : हेमंत, हेमबिहाग, धवलश्री, पत्नीच्या नावावरून मदनमंजरी आणि एक राग मुहम्मद.

या भूमिकेची परीक्षा घरातच झाली. अन्नपूर्णा आणि रविशंकर यांचे लग्न १९४१ मध्ये अल्मोड्याला झाले, हिंदू पद्धतीने. मुलीने धर्म बदलला. त्या काळी मुसलमान बापाने हे स्वीकारणे सोपे नव्हते, पण बाबा आड आले नाहीत. (लग्न पुढे टिकले नाही, त्याची कारणे मात्र धर्माची नव्हती.) १९४७ मध्ये फाळणी झाली, तेव्हा शिवपूर पाकिस्तानात गेले आणि मैहर भारतात राहिले. बाबा मैहरमध्येच राहिले. पत्नीच्या नावाने बांधलेले मदिना भवन हेच त्यांचे घर होते.

बँडची कल्पना मैहरबाहेर कशी गेली?

बाबांचे शिष्य तिमिर बरन भट्टाचार्य हे उदयशंकर यांच्या नृत्यसंघाचे संगीत दिग्दर्शक होते. भारतीय वाद्यांचा वृंद घेऊन ते १९३०च्या दशकात युरोप-अमेरिकेत गेले. त्यानंतर १९३५-३६ च्या दौऱ्यात उदयशंकर यांनी खुद्द बाबांनाच बरोबर नेले. हा दौरा मुंबईच्या बंदरातून सुरू झाला. उदयशंकर यांचा पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ रवी याचा हात त्याच्या आईने धक्क्यावर बाबांच्या हाती दिला आणि मुलाला सांभाळायला सांगितले. काही महिन्यांतच ती गेली. नृत्य आणि झगमगाटात रमलेल्या या मुलाने १९३८ मध्ये सगळे सोडून मैहर गाठले. पुढची सहा-सात वर्षे तो तिथेच होता. बँडची तालीम त्याच्या कानावर रोज पडत असणार.

स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीने दिल्लीत वाद्यवृंद उभारला, तो या रविशंकर यांच्याच हातून. १९४९ ते १९५६ ते तिथे होते. त्यांच्यानंतर वृंदाची धुरा आली पन्नालाल घोष यांच्याकडे. तेही बाबांचेच शिष्य, १९४७ मध्ये मुंबईत असताना बाबांकडे शिकू लागलेले. देशाच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाच्या मुळाशी एका लहानशा संस्थानातील अनाथ मुलांचा बँड होता, असे म्हटले तर फार ताणल्यासारखे होणार नाही.

महाराष्ट्राशी आणखीही दुवे आहेत. मराठी व्हायोलिनवादक पं. वि. गो. जोग यांनी बाबांकडून मार्गदर्शन घेतले. अन्नपूर्णादेवी अनेक दशके मुंबईत राहिल्या. मंचावर वाजवणे त्यांनी कधीच सोडले होते, पण घरी शिकवणे शेवटपर्यंत चालू होते. पं. हरिप्रसाद चौरसिया, पं. नित्यानंद हळदीपूर यांना ही परंपरा मुंबईच्या त्या घरात मिळाली. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

बाबांनंतर बँडचे काय झाले?

संस्थान विलीन झाले आणि आश्रय गेला. १९५५ मध्ये मैहरमध्ये संगीत महाविद्यालय सुरू झाले. बँड सरकारी व्यवस्थेत आला, वादक पगारी झाले. बाबांना मानसन्मान मिळत गेले : १९५२ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७१ मध्ये पद्मविभूषण. ऋत्विक घटक यांनी १९६३ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहरमध्ये त्यांचे निधन झाले.

पहिल्या पिढीतील अनाथ मुले म्हातारी होऊन एकेक करून गेली. नव्यांची भरती रखडली, वाद्ये मोडकळीस आली. पाठांतरावर उभ्या असलेल्या बँडचा दुबळेपणा तेव्हा उघड झाला. एक वादक गेला की त्याच्याबरोबर त्याच्या वाट्याच्या सुरावटीही जात. मुंबईचे सुनील शानभाग आणि अरुणाभ भट्टाचारजी यांनी १९९३ मध्ये ‘मैहर राग’ हा माहितीपट केला. त्यात ही घसरण दिसते. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बँड मात्र बंद पडला नाही. मध्य प्रदेश सरकारने १९७९ मध्ये भोपाळला बाबांच्या नावाने संगीत अकादमी स्थापन केली, मैहरमध्ये दर वर्षी त्यांच्या नावाचा समारोह होतो आणि ‘मैहर वाद्यवृंद’ या नावाने बँड वाजतो. आताचे वादक शिकलेले आहेत, अनाथ नाहीत. सरकारी नोकरी म्हणून ते यात येतात.

जन्मगावी काय झाले?

ब्राह्मणबाडियात बाबांच्या नावाची संगीत संस्था आहे. तिच्यात त्यांची वाद्ये, पत्रे, छायाचित्रे जपलेली होती. बाबांचे या भूमीशी असलेले नाते शिष्यांनीही सोडले नव्हते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जो गाजलेला कार्यक्रम झाला, त्याची सुरुवात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी बंगालच्या धुनेने केली. एक बाबांचा शिष्य, दुसरा मुलगा. बाबा तेव्हा मैहरमध्ये हयात होते.

जानेवारी २०१६ मध्ये शहरात दंगल उसळली आणि मदरशातील एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर चिडलेल्या जमावाने ही संस्था पेटवली. बाबांनी वापरलेली वाद्ये आणि कागदपत्रे जळाली. डागडुजी करून संस्था पुन्हा उभी राहिली. मार्च २०२१ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या बांगलादेश दौऱ्याविरोधातील आंदोलनात तिच्यावर पुन्हा हल्ला झाला आणि पुन्हा आग लावली गेली.

मैहरमध्ये मदिना भवनाच्या आवारात बाबा आणि मदिना बेगम यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. बंदुकीच्या नळ्यांचे नलतरंग अजून वाजवले जाते.